चोरटा दम

भोंगा वाजला की विट्यात सगळी माणसं उभी राहत. पाण्याच्या टाकीवर बसवलेला तो भोंगा सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला कोकलायचा. त्यासरशी जेवणारा पानावरून, शिंपी मशीनवरून आणि हेडमास्तर खुर्चीतून उठून उभा राहायचा. मग दारादारांतून हाळी उठायची, "उभं हाय का?" आणि आतून उत्तर यायचं, "उभं हाय!" ज्या घरातून उत्तर आलं नाही त्या घराची कडी शेजाऱ्यानं वाजवायची आणि कुणी उघडलं नाही तर सरळ दार तोडायचं, असा नियमच होता. सुरुवातीला लोक हसले. पहिल्या वर्षभरात या हाळीनं तीस-चाळीस जणांचे जीव वाचवले, तेव्हा हसणारेही मुकाट्यानं उभे राहू लागले.

हे सगळं 'निवांत' नावाच्या खेळापायी आलं होतं. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं अगदी चोख ठेवलं होतं. त्या खेळात तलवारी नव्हत्या, गाड्या नव्हत्या, कुणी कुणाला हरवत नव्हतं. कपाळाला एक कापडी पट्टी बांधून डोळे मिटले, की माणूस ओढ्याकाठच्या एका गावात पोचायचा. तिथं कायम सकाळचं कोवळं ऊन असायचं आणि आपल्याला आवडेल ते काम करत बसायचं. कुणी बाग लावी, कुणी भिंत रंगवी, कुणी नुसती भांडी घासून उन्हात पालथी घाली. काम नेहमी संपत आलेलं असे, जरासंच उरलेलं. "एवढं झालं की उठतोच," असं म्हणत माणूस आत रमून जाई आणि बाहेर त्याचे ओठ फुटत, लघवी बंद होई आणि घरच्यांची रडारड सुरू होई. बंदी आली, पण बंदी आलेली वस्तू मिळायला आपल्याकडे कधी अडचण आली आहे?

त्या बुधवारी आठच्या भोंग्याला वैजयंता खराडे जतहून आलेल्या एसटीतून उतरली. रीतीप्रमाणे ती क्षणभर फलाटावर ताठ उभी राहिली आणि मग पिशवी खांद्याला मारून घराकडे निघाली. वय अठ्ठेचाळीस, बांधा अजून खेळाडूचा, आवाज चौकातून वेशीपर्यंत पोचेल असा. सोमवारी सकाळी ती जतला गेली होती आणि दोन दिवसांत दोघांना 'निवांत'मधून बाहेर काढून आली होती. कारण वैजयंता ही दमकरी होती, आणि तीही जिल्ह्यातली सर्वांत पटाईत. दमकरी म्हणजे एका दमात खेळात शिरून आतल्या माणसाला परत आणणारा. तिच्या नावावर एक्केचाळीस माणसं होती.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. "जुई," तिनं लेकीला हाक मारली. "ए जुई, चहा टाक गं."

जुई पलंगाच्या कडेला बसली होती. पिवळा कुडता, मोकळे केस, पाय जमिनीला टेकलेले आणि चेहऱ्यावर शांत हसू. शेजारी पोह्यांची ताटली होती, त्यातले पोहे खड्यांसारखे वाळले होते आणि मुंग्यांची रांग ताटलीतून भिंतीपर्यंत गेली होती. तिच्या कपाळाला पट्टी होती. वैजूनं ती लगेच ओळखली, कारण ती तिचीच होती. दमकऱ्यांच्या केंद्रातली सरावाची पट्टी ती घरी घेऊन आली होती आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती.

चाळीस-पन्नास घरांत तिनं हेच दृश्य पाहिलं होतं आणि त्या त्या घरातल्या आयांना धीर दिला होता. आता तीच दारात येऊन शेजाऱ्यांना हाका मारू लागली. शेजारच्या हौसाकाकू धावत आल्या आणि कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "अगं, सोमवारी दोनच्या भोंग्याला मी हिला बघितली होती दारात उभी. त्यानंतर नाय विचारलं बाई. दमकरणीच्या घराला काय विचारायचं, आसं वाटलं मला!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सगळी गल्ली दर तासाला एकमेकांना हाळी देत होती आणि नेमकं हे एक घर सगळ्यांनी वगळलं होतं. सोमवारी दुपारी दोन ते बुधवारी सकाळी आठ. वैजूनं बोटांवर हिशेब केला. बेचाळीस तास झाले होते आणि साठ तासांनंतर कुणीच परत येत नसे.

*

हे साठ तास आणि हा दम यांचं गणित तिला तीन वर्षांपूर्वी डॉ. समीना मुजावर यांनी समजावून सांगितलं होतं. डॉक्टर मेंदूच्या अभ्यासक, वय जेमतेम पस्तीस. वैजू तेव्हा शाळेच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवत होती आणि चपला हातात घेऊन या बाई मैदानाच्या कडेला उभ्या होत्या.

"मेंदूत घड्याळ नसतं, वैजूताई," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

"आसं कसं? गॅसवर दूध ठेवून मी भाईर कापडं वाळत घालती आन् उतू जायच्या आत बरुबर पळत येती. घड्याळ नसंल तर ते कसं कळतं मग?"

"तेच सांगते. मेंदूत हजारो पेशी आपापल्या तालात ठोके देत असतात. कुणी भरभर, कुणी सावकाश. तुम्ही दूध ठेवलंत की त्या सगळ्या एका रेषेतून निघतात आणि मग मागेपुढे व्हायला लागतात. त्या किती पांगल्या यावरून मेंदू ओळखतो, किती वेळ गेला ते. याला आम्ही काळभान म्हणतो. ही पट्टी काय करते, तर पेशी जरा पांगल्या की बारीक विजेचा झटका देऊन त्यांना पुन्हा एका रेषेत उभं करते. दर चार-पाच सेकंदांनी. म्हणजे खेळणाऱ्याला सतत काय वाटतं?"

"आत्ताच बसलो."

"हो. त्याला भूक लागते, पण ती आत्ताच लागली आहे. तहान लागते, तीही आत्ताच. मग तो म्हणतो, जेवू की जरा वेळानं."

"मग वढून काढा की ती पट्टी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नजर मैदानातल्या पोरींकडे वळवली. "पहिल्या नऊ जणांची आम्हीच काढली. त्यांच्या पेशी पट्टीच्या तालावर इतक्या सरावल्या होत्या की पट्टी गेल्यावर पार विस्कटल्या. ती नऊ माणसं अजून केंद्रात आहेत. घास हातात धरून बसतात आणि दुपार होते तरी तो घास हातातच असतो. आतला माणूस स्वतःहून 'आता उठतो' म्हणून उठला, तरच त्याच्या पेशी आपला ताल धरतात. साठ तासांनंतर तेही होत नाही. म्हणून कुणीतरी आत जाऊन त्याला उठवायला हवं. पण आत जायचं तर पट्टी बांधावी लागते आणि ती बांधली की जाणाऱ्याचीही तीच गत होते. आम्ही घड्याळं देऊन माणसं पाठवली, कानात गजर लावून पाठवली. गजर त्यांना ऐकू येतो. 'हो हो, निघालोच' म्हणतात आणि बसतात."

"मग?"

"एकच गजर पट्टीच्या आवाक्याबाहेर आहे, श्वासाचा. दम कोंडला की रक्तात घाण हवा साठते आणि मेंदूच्या अगदी तळातून बोंब उठते. तिला कुणी 'थांब जरा' म्हणू शकत नाही. म्हणून दम धरून आत जायचं आणि दम संपला की बाहेर यायचं. पण दम धरला तर बोलणार कसं? आणि बोलल्याशिवाय आतल्याला उठवणार कसं?"

वैजू इतकी खदखदून हसली होती की पोरी खेळ थांबवून बघायला लागल्या. "डॉक्टर, दम धरून बोलायचं, ह्याला आमच्याकडं हुतूतू म्हणत्यात. आन् त्याचाच शोध लावत तुम्ही हितंवर आला व्हय!"

अशी दमकऱ्यांची फौज उभी राहिली, सगळे जुने कबड्डीपटू. खेळाच्या गावात शिरण्याच्या जागी केंद्रानं एक पांढरी रेघ आखून घेतली. रेघेपलीकडे जाताना दम भरायचा, 'हुतूतू'ऐवजी आतल्या माणसाचं नाव अखंड घ्यायचं, त्याला बोलतं करायचं, आणि दम संपायच्या आत रेघ ओलांडून परत फिरायचं. दिवसाला फक्त तीन चढाया. प्रत्येक चढाईनंतर मिनिटाची चाचणी, म्हणजे डोळे मिटून, न मोजता, मिनिट झालंसं वाटलं की हात वर करायचा. वैजूचा हात अठ्ठावन्न ते बासष्ट सेकंदांच्या मध्ये हटकून वर जायचा.

आणखी दोन नियम होते. आपल्या रक्ताच्या माणसासाठी आत जायचं नाही. पोराचे कान सोनारानं टोचावेत, आईनं टोचू नयेत, तसं ते. आणि दुसरा नियम डॉक्टर प्रत्येकाकडून शपथेवर म्हणून घेत: आत असताना श्वास घ्यायचा नाही. "तुमच्या दमाशिवाय तुमच्याकडे दुसरं घड्याळ नाही. आत एक घोट हवा घेतलीत तर तेही गेलं."

शपथ घेताना वैजू बाकीच्यांपेक्षा जरा जास्त मोठ्यानं बोलली होती. कारण तिला चोरटा दम येत होता. नाव घेता घेता मान वळवायची, ओठ हलते ठेवायचे आणि नाकाच्या एका कोपऱ्यातून एवढीशी हवा आत ओढायची. पंचाला आवाज तुटलेला कळत नाही आणि चढाई दुप्पट लांबते. तिच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिला हे नवव्या वर्षी शिकवलं होतं. राज्य स्पर्धेचा शेवटचा सामना तिनं अशाच चोरलेल्या दमावर जिंकला होता आणि तिथं मिळालेल्या ढालीकडे बघताना तिला अजून थोडी लाज आणि बराच अभिमान वाटायचा. जुईलाही तिनं लहानपणी परसात हे शिकवलं होतं. मायलेकी कितीतरी वेळ एकमेकींना फसवत आणि हसत बसायच्या.

*

"तुम्ही जायचं नाही," डॉ. समीना म्हणाल्या.

जुईला केंद्रात आणून खुर्चीत बसवलं होतं, हाताला सलाइन लावलं होतं. दिलीप नावाच्या दमकऱ्यानं तिच्यासाठी एकापाठोपाठ तीन चढाया केल्या होत्या आणि तो घामाघूम होऊन भिंतीला टेकून बसला होता. "ऐकत नाही मावशी," तो खाली बघत म्हणाला. "ओढ्याला दगडाचा बांध घालती आहे. 'एवढा दगड बसवला की उठतेच' म्हणती."

"जतचे दोघे दमकरी निघाले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "दीड वाजेपर्यंत पोचतील. साठ तास पहाटे दोनला भरतात. वेळ आहे आपल्याकडे, वैजूताई. थोडी वाट बघू."

वैजू लेकीच्या फुटलेल्या ओठांकडे बघत होती. त्यावर रक्ताचा थेंब सुकला होता आणि ओठ मात्र हसत होते. या हसण्याचीच तिला सर्वांत भीती वाटली. वाट बघणं ही शहाण्या माणसाची गोष्ट आहे. पोर समोर अशी बसलेली असताना आई शहाणी राहत नाही, आणि राहिली तर लोक तिला नावं ठेवतात.

"पट्टी मी घरी आणली," ती म्हणाली. "मी! तुमच्या नियमाबाहेर जाऊन. आता मी हितं हातावर हात ठेवून बसू? एक चढाई डॉक्टर. फक्त एक दम. तुम्हीच म्हणता ना, वैजूताईचा दम पंचावन्न सेकंदांचा हाय म्हणून?"

"आणि शपथ?"

"शपथ हाय."

डॉक्टरांनी दुसरी खुर्ची पुढं ओढली. त्या हो म्हणाल्या, याचं ओझं पुढं जन्मभर त्यांच्या उरावर राहिलं. पण त्या क्षणी समोर बेचाळिसाव्या माणसाला परत आणू शकणारी एकच बाई उभी होती. वैजूनं खुर्चीत बसून कपाळाला पट्टी बांधली, पोट आत ओढून दम भरला आणि दहाच्या भोंग्याला डोळे मिटले.

*

"जुई जुई जुई जुई..."

ऊन कोवळं होतं. पायाखाली पांढरी रेघ होती, ती ओलांडून वैजू ओढ्याकाठानं पळत सुटली. जुई गुडघाभर पाण्यात वाकून उभी होती. तिच्यासमोर वीसेक दगडांचा एक छोटासा बांध होता.

"जुई जुई ऊठ गं जुई जुई घरी चल जुई जुई..."

"आई!" जुईनं वर बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "बघ की कसा झालाय. एवढा दगड बसवला की उठतेच."

"जुई जुई आत्ता ऊठ जुई जुई तुझं ओठ फुटल्यात जुई जुई..."

"हो गं, आत्ताच तर बसले."

वैजूच्या छातीत पहिली धडक बसली. चाळीस सेकंद झाले, हे ती बिनचूक सांगू शकत होती. आता मागं फिरायची वेळ. तिनं मान वळवली, रेघ दिसली आणि पाठीमागून जुईचा आवाज आला, "आई, हा दगड जरा धर ना."

नुसतं धर म्हणाली होती. म्हणजे पोर बोलायला लागली, आता अजून दहा सेकंद मिळाले तर ही येईलच, असं वैजूला वाटलं. मान वळलेलीच होती. ओठ हलत होते. नाकाच्या कोपऱ्यातून एवढीशी हवा आत आली, आणि अण्णांनी शिकवल्याप्रमाणे नाव कुठंही तुटलं नाही.

"वैजूताई!" कानात डॉक्टरांचा आवाज आला. "दम चोरलात तुम्ही! मागे फिरा, आत्ताच्या आत्ता!"

फिरतेच की, वैजूनं मनात म्हटलं. एकदाच तर चोरला. तिनं दगडाला हात लावला. "जुई जुई चल जुई जुई माझं ऐक जुई जुई..."

"हा झाला की उठतेच."

छातीत धडक बसली. चाळीस सेकंद झाले, आता मागं फिरायला हवं. रेघ दिसत होती. पण पोर बोलत होती, आणखी दहा सेकंद मिळाले तर येईलच. एकदाच चोरू, असं ठरवून तिनं मान वळवली.

"वैजूताई, ऐका माझं." डॉक्टरांचा आवाज का कोण जाणे रडवेला येत होता. "कृपा करून मागे फिरा."

फिरतेच. एकदाच तर चोरला. "जुई जुई जुई जुई..."

बांध आता ओढ्याच्या निम्म्यावर आला होता. मघाशी वीसच दगड होते ना? असतील. पोरीचा हात पहिल्यापासून चपळ. छातीत धडक बसली. चाळीस सेकंद झाले होते. एकदाच चोरू.

कानात आता कुणीतरी दुसरंच बोलत होतं, जतचा तो उंच दमकरी असावा. तो तर दीड वाजता येणार होता. वैजूला याचं थोडं नवल वाटलं. ते नवल पुरतं वाटून होण्याआधीच संपलं आणि ऊन कोवळं होतं, पोर बोलत होती, फक्त दहा सेकंद हवे होते. घसा मात्र बसल्यासारखा झाला होता. पहाटेच्या एसटीतला वारा लागला असेल.

"जुई जुई..."

जुईनं हातातला दगड खाली ठेवला. बांध या काठापासून त्या काठापर्यंत गेला होता. ती डोकं एका बाजूला कलवून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू पहिल्यांदाच हललं.

"आई, तुझा आवाज असा काय येतोय?"

"जु... जुई..."

"आई, तुझा आवाज पार बसलाय. मघाशी तर नीट होता." मग जुईचे डोळे हळूहळू मोठे झाले आणि भीतीनं भरले. "आई, तू किती वेळ हाक मारतीयेस मला?"

'किती वेळ.' एक्केचाळीस माणसं आणली, पण हा प्रश्न आत कुणी विचारला नव्हता. दुसऱ्याच क्षणी जुईनं आईचा हात धरला आणि दोघी धावत सुटल्या, पाणी उडालं, पांढरी रेघ पायाखालून गेली.

*

वैजूनं डोळे उघडले. समोर जुई खुर्चीत धाय मोकलून रडत होती, तिच्या कपाळावर पट्टी नव्हती. वैजूच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं बोलायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती फुसफुस आली. ती हसली. आणली की नाही बेचाळिसावी?

डॉ. समीना जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचे केस विस्कटलेले होते आणि डोळे सुजले होते. "किती वेळ लागला, वैजूताई?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

वैजूनं खरं ते कबूल करायचं ठरवलं. एक बोट वर करून ती कुजबुजली, "एक दम. आन् एक चोरटा. चुकलं माझं, पण एकच. दीड मिनिट म्हणा."

बाहेर सहाचा भोंगा वाजला. खोलीतली बाकीची माणसं उभीच होती.

"आठ तास," डॉक्टर म्हणाल्या. "साडेचारशे वेळा दम चोरलात तुम्ही. मी मोजत होते. प्रत्येक वेळी तुम्हाला तो पहिलाच वाटत होता."

वैजूनं मान हलवली. तिला ते पटलं नाही, पण डॉक्टरांचं मन मोडवेना. बाई दमल्या होत्या बिचाऱ्या. "चाचणी घ्या," ती म्हणाली. "मिनिटाची घ्या चाचणी, म्हणजे कळंल."

तिनं डोळे मिटले. नेहमीप्रमाणे मोजलं नाही. जुईचं रडणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. आता हिला गरम भात आणि तूप घालू, मग ओठांना साय लावू. मग ती पट्टी घेऊन बंबात घालू. झालं, मिनिट झालं. तिनं हात वर केला आणि डोळे उघडले.

खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं. समोर जुई बसली होती, पण तिच्या अंगात पिवळा कुडता नव्हता. दमकऱ्यांचा निळा टी-शर्ट होता. केस कानापर्यंत कापले होते, ओठ पार बरे झाले होते. तिच्या हातात थांबवलेलं घड्याळ होतं.

"दोन तास दहा मिनिटं," जुई म्हणाली. "काल पावणेतीन होते."

"आगं, आत्ताच तर परत आलो आपण..."

"सात महिने झाले, आई." जुई हे रोज सांगत असावी, कारण तिचा आवाज सपाट होता. "तू जेवतेस, झोपतेस, माझ्याबरोबर फिरायला येतेस. पण केव्हाही विचारलं तरी 'आत्ताच आलो' म्हणतेस. पट्टी नाही तुझ्या कपाळाला. तू स्वतःहून उठली नाहीस, मी तुला ओढून आणलं, म्हणून पट्टीचं काम आता तुझा मेंदूच करतोय, असं डॉक्टर म्हणतात."

वैजूला भीती वाटली. खरीखुरी भीती. पण भीतीला वाढायलाही वेळ लागतो, आणि तो तिच्याजवळ नव्हता. तिनं लेकीच्या निळ्या टी-शर्टाला हात लावला. "हे काय गं घातलंस?"

"हेही रोज विचारतेस." जुई किंचित हसली. "आज पहिली चढाई आहे माझी. कडेगावचा एक मुलगा आहे, एकावन्न तास झालेत. तिघांना जमलं नाही. एका दमात कुणीच ऐकत नाही आई, हल्लीचे तर नाहीच. तुझा आवाज बसला तेव्हा मला कळलं, किती वेळ गेला असेल ते. हाक मारणाऱ्याचा घसा बसेपर्यंत आत राहिलं तरच माणूस उठतं. डॉक्टर नको म्हणतात. पण त्या तुलाही नको म्हणाल्या होत्या. ऐक, माझा दम कसा झालाय ते बघ."

तिनं पोट आत ओढलं, दम भरला आणि सुरू केलं, "आई आई आई आई आई..."

दम सुरेख होता. सूर सरळ होता. वैजूला कौतुक वाटलं. मग जुईनं सहज म्हणून मान वळवली. ओठ हलतच होते. नाकाच्या कोपऱ्यातून एवढीशी हवा आत गेली आणि नाव कुठंही तुटलं नाही.

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. वैजूला कळलं. हिला अडवायला हवं, दोन्ही हातांनी धरून सांगायला हवं की आत दम चोरू नकोस, जीव गेला तरी चोरू नकोस. तिनं बोलायला तोंड उघडलं.

बाहेर भोंगा वाजला. गल्लीतून हाळी आली, "उभं हाय का?" जुई दम न सोडता उठून उभी राहिली. वैजू बसूनच होती. पोर किती मन लावून म्हणतेय, मध्येच कशाला तोडायचं? आत्ताच तर सुरू केलंय तिनं.

हिचं एवढं म्हणून झालं की सांगतेच.